खालचे आजोबाच फ्लॅट घेतो म्हणाले तेव्हा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्याहून येताय, मुलगा आठ वर्षांचा, नवरा पुढे आलाय आणि त्यानं पश्चिम लंडनमध्ये एका जुन्या घराचा वरचा मजला बघून ठेवलाय. लीजहोल्ड आहे, म्हणजे ठरावीक वर्षांपुरतीच मालकी. खाली राहणारा फ्रीहोल्डर, म्हणजे जागेचा कायमचा मूळ मालक, म्हणतो, पुढेमागे विकायचा झाला तर मीच घेईन. "म्हणजे सुरक्षितच ना?" असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, बँक, डॉक्टरकडे नाव नोंदवणं हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, त्यात मी पडत नाही. हा शेवटचा प्रश्न वाचून मात्र मी भाजीखालचा गॅस बंद करून लिहायला बसले.

लीजहोल्ड काय असतं हे खरं तर मला कुणी समजावायला नको होतं. मी गिरगावातली, आमची खोली पागडीची. भाडेपावत्या बाबा सुतळीनं बांधून कपाटात वरच्या फळीवर ठेवायचे. खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तर मालकाचा हिस्सा द्यावाच लागणार, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. मालक आला की बाबा खुर्ची पुढे करायचे, चहा द्यायचे आणि शब्द मोजून बोलायचे. हे सगळं बघत वाढलेली मी 2006 मध्ये पश्चिम लंडनमधल्याच हॅनवेलला लीजहोल्ड फ्लॅट घेतला आणि सगळं विसरले. इथे कर्ज काढता, किल्ल्या मिळतात, लोक अभिनंदन करतात. घर घेतल्यासारखंच वाटतं. घेतलेली असतात ती वर्षं. आमची लीज 1998 पासून 99 वर्षांची, म्हणजे हातात आली तेव्हा 91 उरलेली. नवरा म्हणाला, तोवर आपण तरी कुठे असणार!

आता फ्रीहोल्डरबद्दल. नवरा आठवड्यातले चार दिवस कामासाठी बाहेरगावी. मुलगी झाली तेव्हा आई सहा महिने राहून परत गेली, आणि त्यानंतर दिवसच्या दिवस माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. रविवारी डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जायचं म्हटलं तरी बाबागाडी, वाटेत दोनदा गाडी बदलायची आणि पाऊस. दार वाजवणारा माणूस एकच, आमचे फ्रीहोल्डर, खालचे आजोबा. मुलगी त्यांना मराठीत आजोबाच म्हणायची आणि त्यांना ते आपलं नवीन नाव वाटायचं. परसातले टोमॅटो आणून द्यायचे. जिना चढताना दर तीन पायऱ्यांनी थांबायचे. ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं जागेचं भाडं, वर्षाला 100 पौंड, दोन हप्त्यांत. मी पाकिटात घालून खाली न्यायची, ते पाकीट न उघडता फडताळात टाकायचे आणि किटली ठेवायचे. पावती कधी मागितली नाही. बाबा असते तर तिथेच उभे राहिले असते.

2019 मध्ये आम्ही रायस्लिपला घर बघितलं आणि फ्लॅट एजंटकडे दिला. दुसऱ्या दिवशी आजोबा वर आले. कशाला एजंट, कशाला अनोळखी माणसं घरात, मीच घेतो, रोख देतो, तुमचं कमिशनही वाचेल. एजंटनं 3 लाख पौंडांच्या वरचा अंदाज दिला होता, त्यांनी 2 लाख 75 हजार सांगितले. लीजची 78 च वर्षं राहिलीत, दुसरं कुणी याहून जास्त देणार नाही, असं अगदी हळू आवाजात म्हणाले. मी हो म्हटलं. चहाचा कप हातात असताना घासाघीस करायला माझी जीभ उचलली नाही.

हिशेब मला नंतर कळला, म्हणून तुम्हाला आधी सांगते. लीज 80 वर्षांच्या खाली गेली की ती वाढवून घेताना मॅरेज व्हॅल्यू नावाचा जादा भार पडतो. लीज वाढल्यानं जी किंमत वाढते तिचा निम्मा वाटा फ्रीहोल्डरला. 2024 च्या कायद्यात हे रद्द करायचं ठरलंय, पण कायदा मंजूर होणं आणि त्यातलं कलम लागू होणं या इथेही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तर बाहेरचं गिऱ्हाईक 78 वर्षं बघून भाव पाडतं ते बरोबरच आहे, त्याला पुढे हा खर्च आहे, बँकाही नाक मुरडतात. फ्रीहोल्डरला मात्र उरलेल्या वर्षांशी काय देणंघेणं? लीज त्याच्या हातात आली की त्याच्या फ्रीहोल्डमध्ये विरून जाते. त्याला मिळतो सबंध मोकळा मजला. आजोबांनी मला 78 वर्षांचा भाव दिला आणि घेताना अख्खं घर पुरं केलं. 1993 च्या कायद्यानं मला 90 वर्षं वाढवून घेण्याचा हक्क होता. 2016 मध्ये फ्रीहोल्डरला तशी नोटीस दिली असती तर 80 ची रेघ ओलांडायच्या आतच काम झालं असतं. कुणी सांगितलं नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत होते. मी विचारलंही नव्हतं.

कमिशन वाचलं नाही ते नाहीच. एजंटच्या करारात 'सोल सेलिंग राइट्स' लिहिलेलं होतं. त्या मुदतीत गिऱ्हाईक तुमचं तुम्ही आणलं तरी कमिशन द्यावं लागतं. सही आमचीच.

मग कागदपत्रं. आजोबांच्या वकिलाचं पत्र आलं: शेवटचं ग्राउंड रेंट भरल्याचा पुरावा पाठवा. म्हणजे ज्यांच्या फडताळात माझी पाकिटं पडली होती, त्यांचाच वकील मला विचारतोय की तुम्ही यांना पैसे दिले का. मी खाली गेले. आजोबा हसले, म्हणाले, वकील आहे, त्याला विचारावंच लागतं. पण लिहून काही दिलं नाही. कायद्यानं ठरलेल्या नमुन्यात मागणी आल्याशिवाय ग्राउंड रेंट देणं लागतच नाही, हे माझ्या वकिलानं तेव्हा सांगितलं. म्हणजे तेरा वर्षं मी मागणीशिवाय, पावतीशिवाय पैसे पोचवत होते, वर पुरावाही मलाच द्यायचा! त्या एका पत्रात तीन आठवडे गेले. मग विम्याचा कागद, मग आजोबांची तब्येत, मग त्यांचा पुतण्या.

आणि इथे माझा तोल जातो. मुलगी तेव्हा इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात. सेकंडरी शाळेच्या अर्जाची शेवटची तारीख 31 ऑक्टोबर, आणि नव्या पत्त्यावर शाळा हवी तर कौन्सिलला घराच्या कराराचं एक्स्चेंज झाल्याचा, म्हणजे दोन्ही बाजू कराराला बांधल्या गेल्याचा पुरावा लागतो. आजोबा सप्टेंबर म्हणाले होते. एक्स्चेंज झालं जानेवारीत. पैसे हातात आल्याशिवाय आमचंही घर पुढे सरकेना. मार्चमध्ये शाळा मिळाली ती हॅनवेलच्या पत्त्यावरची, आणि आम्ही तोवर रायस्लिपला. वेटिंग लिस्टवर नाव, त्यात लॉकडाऊन. सप्टेंबरपासून अकरा वर्षांची मुलगी सकाळी पावणेसातला घर सोडायला लागली. ती आता ए-लेव्हल, म्हणजे इथली अकरावी-बारावी करतेय, मैत्रिणी तिथल्याच, तिला त्याचं काही वाटत नाही. म्हणते, आई, तू अजून तेच?

हो, तेच.

तर तुमचं. फ्रीहोल्डरचं "मीच घेईन" हे तोंडी आश्वासन आहे, त्याची किंमत शून्य. इंग्लंडमध्ये एक्स्चेंज होईपर्यंत कुणीही मागे फिरू शकतो, तुम्हीसुद्धा. पण आधी त्याला विचारायची अट लीजमध्येच लिहिलेली असेल तर तिथे तुमचे हात बांधले जातील, ते वकिलाकडून वाचून घ्या. वकील तुमचा, त्यानं सुचवलेला नको. विकायची वेळ आली तर आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या संस्थेचा, घराची किंमत ठरवणारा सर्व्हेयर तुमच्या पैशानं आणा आणि दोन आकडे मागा: आहे त्या लीजचा आणि वाढवलेल्या लीजचा. त्याच्याशी बोलणं दुसऱ्या आकड्यापासून सुरू करा. लीज वाढवायला दोन वर्षं मालकी हवी ही अट 31 जानेवारी 2025 पासून गेली, तेव्हा वर्षं कमी असतील तर घेतल्याबरोबर नोटीस द्या. चहा प्या, टोमॅटो घ्या, पण पावती मागा.

किती वर्षं उरलीत ते तुम्ही लिहिलंच नाही. ते कळवा. आणि मुलगा आठ वर्षांचा, म्हणजे इयर थ्री किंवा फोर. तुमच्या हातात दोन-तीन वर्षं आहेत. इयर सिक्सच्या 31 ऑक्टोबरला तुम्ही कुठल्या पत्त्यावर असाल ते आधी ठरवा, फ्लॅटचं नंतर.