जुनी खेळण्यातली आगगाडी कुठल्या मापाची आहे हे कसं ओळखायचं? आणि जितकी जुनी तितकी ती महाग असते का?

माळ्यावरच्या पेटीत दोन इंजिनं, काही डबे आणि थोडे रूळ सापडले, इंजिनाची लांबी मोजली तरी काही उलगडा होईना, असं तुम्ही लिहिलंय. होणारही नाही. रूळ मोजा. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर ४५ मिलिमीटर भरलं तर गेज १, ३२ म्हणजे ओ, २२.५च्या आसपास म्हणजे एस, १६.५ म्हणजे एचओ किंवा ओओ, ९ म्हणजे एन. ६.५ असेल तर झेड. तो मेर्क्लिन या जर्मन कंपनीने १९७२ साली आणला.

खरा घोळ १६.५लाच होतो. गेज म्हणजे रुळांमधलं अंतर आणि स्केल म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा ती किती पटींनी लहान आहे ते. एचओ १:८७, तर ब्रिटिश ओओ १:७६, पण दोन्ही धावतात एकाच रुळावर! ब्रिटिश इंजिनं मुळात अंगाने लहान. १:८७ केली तर त्या काळची मोटर आत मावायची पंचाईत. म्हणून वरचं अंग वाढवलं, रूळ तेच ठेवले. समोरून पाहिलं की ओओचं इंजिन पाय जुळवून उभं असल्यासारखं दिसतं. पत्र्याच्या जुन्या गाड्यांना मात्र स्केल विचारू नये, त्या अंदाजपंचेच असतात.

रुळाला मधे तिसरी पट्टी असेल तर ती विजेची. लायनेल या अमेरिकन कंपनीच्या गाड्या तशाच चालत.

आता किंमत. नुसत्या वयाला कोणी विचारत नाही; मूळ रंग, मूळ सुटे भाग, मूळ खोकं आणि किती नग उरले, यावर सगळं ठरतं. लायनेलने १९५७ साली मुलींसाठी गुलाबी इंजिनाची गाडी काढली, ती दुकानात पडून राहिली. आज संग्राहक तिच्याच मागे असतात, आणि नकलाही निघाल्यात, तेव्हा गुलाबी काही दिसलं तर लगेच हुरळून जाऊ नका.

आणि कृपा करून घासूनपुसून चकचकीत करू नका. मी एक पत्र्याचा डबा साबणाच्या पाण्याने पुसला होता. धूळ गेली, पण डब्यावरची सोनेरी अक्षरंही फडक्यावर उतरली. नवा रंग तर त्याहून वाईट. मऊ कोरडा ब्रश पुरे.

ओतीव धातूची चाकं आणि इंजिनाचा सांगाडा भिंगाखाली बघा. बारीक भेगा, फुगवटा किंवा वाकलेपण दिसलं तर तो जस्ताचा रोग. ओतताना मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं की वर्षानुवर्षांनी तो आतून तडकतो. त्यावर इलाज नाही.

गाडीला वीज देणारा जुना ट्रान्सफॉर्मर मात्र थेट प्लगला लावू नका. त्याच्या वायरीचं आवरण बोटाने दाबलं तरी त्याचा भुगा होतो.