हाय-एमधला तो फलंदाज डबल-एसाठी तयार आहे का?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बेसबॉलच्या हाय-ए संघातल्या एकवीस वर्षांच्या त्या आउटफिल्डरची फलंदाजीची सरासरी गेल्या सहा आठवड्यांत .३२० च्या वर गेली आहे आणि त्याला डबल-एमध्ये बढती द्यावी की नाही, यावर तुला विभागप्रमुखांना लेखी मत द्यायचे आहे. तू क्रिकेटच्या आकडेवारीतून या खेळात आला आहेस, त्यामुळे नुसता रणजीतल्या धावांचा ढीग पाहून कसोटीचा संघ निवडण्यातला धोका तुला नव्याने सांगायला नको. इथे तो धोका पायरीपायरीवर येतो, कारण सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा मायनर लीगच्या चार पातळ्या चढून खेळाडू मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या, दारात पोहोचतो, आणि प्रत्येक पातळीवर तुझ्यासारख्या कुणाला तरी हाच प्रश्न विचारला जातो.

तो किती चांगला खेळतो आहे, यापेक्षा आहे त्या पातळीवरच्या पिचरांकडे (चेंडू टाकणाऱ्यांकडे) त्याला शिकवण्यासारखे काही उरले आहे का, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र दिसतात, म्हणून त्या एकच आहेत असे वाटू लागते.

सरासरीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. सहा आठवड्यांत साधारण १३० ॲट-बॅट (वॉक वगळून फलंदाजीच्या पाळ्या) होतात. त्यांत ४२ हिट (बेस गाठून देणारे फटके) मिळाले तर भागाकार करून सरासरी .३२३ येते. त्यांतले दहा हिट हे क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हजवळून कसेबसे सुटलेले चेंडू असतील आणि ते पकडले गेले असते, तर तोच फलंदाज .२४६ वर असता आणि तुला मला पत्र लिहावेसेही वाटले नसते. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणे) आणि वॉक (चार बॉल झाल्याने फुकट मिळणारा पहिला बेस) यांचे प्रमाण त्यापेक्षा लवकर स्थिरावते, कारण त्यांत क्षेत्ररक्षकांचा हात नसतो. म्हणून माझी नजर आधी त्या दोन रकान्यांवर जाते. पण तेही शेवटी निकालच आहेत. खरी माहिती त्यांच्याही मागे, प्रत्येक चेंडूच्या नोंदीत असते.

तिथे काय पाहायचे ते जरा सविस्तर लिहितो. हाय-एमधल्या पिचरांकडे वेग भरपूर असतो, पण स्लायडर (वळणारा चेंडू) किंवा चेंज-अप (फसवा संथ चेंडू) हवा तेव्हा स्ट्राइक झोनमध्ये (ज्या चौकोनातून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो आणि बाहेरून गेलेला, सोडून दिलेला चेंडू बॉल ठरतो) टाकण्याचे कसब थोड्यांनाच साधलेले असते. त्यामुळे फलंदाजाला शहाणपणाचा एक सोपा मार्ग सापडतो: वळणारे चेंडू सोडून द्यायचे, बॉल-स्ट्राइकची मोजणी आपल्या बाजूला झुकेपर्यंत थांबायचे आणि मग मध्यावर येणारा फास्टबॉल झोडपायचा. आकडे सुरेख दिसतात, वॉकही वाढतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की या मुलाला संयम आहे. डबल-एमध्ये हा मार्ग बंद होतो. तिथला पिचर दोन बॉल, शून्य स्ट्राइक अशा स्थितीतही स्लायडरने स्ट्राइक मिळवू शकतो आणि दोन स्ट्राइक झाल्यावर तोच स्लायडर झोनच्या कडेवरून बाहेर निसटवतो. या व्यवसायातली बहुतेक जुनी माणसे हाय-ए ते डबल-ए हीच सर्वांत कठीण उडी मानतात, ती याचसाठी. तेव्हा तुझ्या फलंदाजाने झोनमध्ये पडलेल्या स्लायडरवर आणि चेंज-अपवर किती वेळा बॅट फिरवली, किती वेळा ती चेंडूला लागली आणि झोनबाहेरच्या चेंडूंमागे तो किती वेळा गेला, हे तीन आकडे वेगळे काढ. त्यातही ज्या थोड्या पिचरांकडे आजच डबल-एच्या दर्जाचा माल आहे, त्यांच्याविरुद्धचे प्रसंग निवडून त्यांची चित्रफीत पाहा. तीस-चाळीस प्रसंगच मिळतील, आकडेशास्त्राच्या दृष्टीने ते तुटपुंजे ठरतील, पण डोळ्यांनी पाहण्यासाठी ते पुरतात: चुकलेल्या चेंडूनंतर पुढच्या वेळी त्याने काही बदल केला का, की तोच फटका पुन्हा तसाच मारायला गेला?

हेही लक्षात ठेव की २०२१पासून मायनर लीगमध्ये बहुतेक मालिका मंगळवार ते रविवार अशा सहा सामन्यांच्या असतात. एकाच संघाचे राखीव पिचर आठवड्यात दोन-तीनदा समोर येतात. तिसऱ्यांदा भेटलेल्या पिचरला मारलेला चेंडू आणि पहिल्यांदाच भेटलेल्या पिचरला मारलेला चेंडू यांचे मोल मी सारखे धरत नाही.

मैदान आणि वय यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते तुला ठाऊक असेल. हाय-एमधल्या ॲशव्हिलच्या मॅकॉर्मिक फील्ड या मैदानाची उजवी बाजू आखूड म्हणून प्रसिद्ध आहे, म्हणजे तिथे होमरन (मैदानाबाहेर मारलेला फटका) सोपा. पुढे ट्रिपल-एमध्ये रीनो आणि आल्बुकर्की यांसारख्या उंचावरच्या गावांत विरळ हवेमुळे चेंडू लांब जातो. वयाचे म्हणशील तर हाय-एमध्ये बरेच जण बावीस-तेवीस वर्षांचे असतात, म्हणजे तुझा खेळाडू थोडा लहान आहे. हे त्याच्या बाजूचे आहे, पण निर्णय त्यावर ठरावा इतके ते मोठे नाही. वॉशिंग्टन नॅशनल्स संघाने २०१८मध्ये हुआन सोतोला एकोणिसाव्या वर्षी, डबल-ए हॅरिसबर्गमध्ये अवघे आठ सामने खेळवून मेजर लीगमध्ये आणले आणि त्याने .२९२ सरासरी, २२ होमरन व ७९ वॉक अशी कामगिरी केली. हे उदाहरण घाईच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केले जाते. माझ्या मते त्यातले बोलके आकडे होमरनचे नाहीत, ७९ वॉकचे आहेत: त्या मुलाची स्ट्राइक झोनची जाण त्याच्याबरोबर वर गेली.

एकाच संघाने लागोपाठच्या दोन वर्षांत घेतलेले दोन निर्णय शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. सिअ‍ॅटल मरिनर्सने जॅरेड केलेनिकला मे २०२१मध्ये ट्रिपल-ए टकोमाहून काही सामन्यांतच मेजर लीगमध्ये घेतले. मधले २०२०चे मायनर हंगाम महासाथीमुळे झालेच नव्हते. तो सलग ३९ ॲट-बॅटमध्ये हिटविना राहिला, जूनमध्ये परत खाली पाठवला गेला आणि त्याचे वर्ष .१८१ वर संपले. पुढच्या वर्षी त्याच संघाने हुलियो रॉड्रिगेसला ट्रिपल-ए पूर्ण वगळून थेट डबल-एमधून उद्घाटनाच्या सामन्यात उतरवले. एप्रिलभर त्याला एकही होमरन मारता आला नाही, स्ट्राइकआउट मात्र भरपूर झाले. तरी संघाने त्याला ठेवले, आणि २८ होमरन व २५ चोरलेल्या बेससह (पिचर चेंडू टाकत असतानाच धावून गाठलेले बेस) तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पहिल्या महिन्याचा निकाल पाहून दोघांत फरक करणे अवघड होते. पायऱ्या किती चढल्या यावरून तर उलटाच निष्कर्ष निघाला असता. म्हणून ‘ट्रिपल-एमध्ये किमान इतके सामने’ असला नियम तुझ्या अहवालात मला दिसू नये.

वरच्या पातळीवरचे पहिले अपयश तयारीच्या अभावाचा पुरावा मानण्याचीही सवय लावून घेऊ नकोस. माइक ट्राउट २०११मध्ये एकोणिसाव्या वर्षी मेजर लीगच्या ४० सामन्यांत .२२० वर राहिला, आणि पुढच्याच वर्षी त्याची सरासरी .३२६ होती. बाल्टिमोरचा जॅक्सन हॉलिडे एप्रिल २०२४मध्ये ३४ ॲट-बॅटमध्ये दोनच हिट आणि १८ स्ट्राइकआउट अशा हिशेबावर परत पाठवला गेला. तो चुकीच्या वेळी वर आला असे म्हणता येईल, पण एवढ्याशा नमुन्यावरून त्याच्या कुवतीबद्दल काही म्हणता येणार नाही.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. तुझा प्रश्न खालच्या पातळीचा आहे म्हणून तिथे तिचा ताप कमी आहे, पण दोन वर्षांत ती तुझ्या टेबलावर येईल. मेजर लीगमध्ये १७२ दिवस म्हणजे सेवेचे एक वर्ष, आणि अशी सहा वर्षे भरल्यावर खेळाडू हव्या त्या संघाशी करार करायला मुक्त होतो. शिकागो कब्जने २०१५मध्ये क्रिस ब्रायंटला हंगाम सुरू झाल्यावर थोडे दिवस आयोवातल्या ट्रिपल-ए संघात ठेवले. वर्षअखेर त्याचे १७१ दिवस भरले. त्याने तक्रार केली आणि २०२०मध्ये ती फेटाळली गेली. लीग आणि खेळाडू संघटना यांच्या २०२२च्या करारापासून नामांकित नवोदिताला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या संघाला ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली) एक जादा निवड मिळू शकते, आणि रॉड्रिगेसमुळे मरिनर्सना ती मिळालीही. संघाने असे हिशेब करू नयेत असे मी म्हणणार नाही, तो त्यांचा धंदा आहे. मात्र ते हिशेब करणारी माणसे वेगळी असतात. त्यांना सोयीचे व्हावे म्हणून ‘त्याचे क्षेत्ररक्षण अजून कच्चे आहे’ असे वाक्य तुझ्या अहवालात घुसू देऊ नकोस. खेळाडूच्या बाजूने पाहिलेस तर २०२३मध्ये ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर होता आणि मेजर लीगचा ७,२०,००० डॉलर. असल्या वाक्याची किंमत काय असते, ते या दोन आकड्यांवरून कळेल.

अहवाल कसा लिहावा, असेही तू विचारले आहेस. पहिल्या परिच्छेदात सरासरी नको. वर सांगितलेले तीन आकडे, त्यानंतर चित्रफितीत दिसलेले दोन-तीन प्रसंग, त्यानंतर त्याच्या फलंदाजी प्रशिक्षकाचे म्हणणे, कारण तो मुलगा सराव कसा करतो हे तुझ्या संगणकाला दिसत नाही. डबल-ए संघात त्याला रोज खेळायला जागा आहे का, हेही विचारून घे. बाकावर बसण्यासाठी दिलेल्या बढतीपेक्षा हाय-एमधला आणखी एक महिना बरा. शेवटी, बढती दिल्यास पहिल्या दोनशे प्लेट अपिअरन्सनंतर (वॉक धरून फलंदाजीच्या सगळ्या पाळ्या) नेमके काय दिसले तर तू आपले मत बदलशील, ते आत्ताच लिहून ठेव.

तू पाठवलेल्या तक्त्यात झोनमधल्या स्लायडरचा रकाना रिकामा आहे. तो भरून पुन्हा पाठव, मग त्या मुलाबद्दल मी माझे मत कळवतो.

कळावे, लोभ असावा.