हा आकडा कशाचा?

बाळा,

रविवारी तू रिपोर्ट माझ्या हातात दिलास, पण एक ओळ अंगठ्याखाली झाकून. चहा निवून गेला तरी अंगठा हलेना, म्हणून शेवटी मीच कागद ओढून घेतला. ‘डिमिनिश्ड ओव्हेरियन रिझर्व्ह, ॲडव्हान्स्ड एज’, म्हणजे स्त्रीबीजांचा साठा कमी, वय जास्त, आणि खाली लाल पेनाची दुहेरी रेघ. चुकलेल्या गणिताखाली मी मारायचे तशी. "बाई, मी उशीर केला का?" असं तू विचारलंस. तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आठवीत एकक लिहिलं नाही म्हणून मी तुझा अर्धा मार्क कापला होता. तू भांडायला आलीस, "उत्तर तर बरोबर आहे ना बाई!" बारा आलं, कबूल. पण बारा काय? बारा मीटर की बारा माणसं? आजही मी तेच विचारणार आहे. हा आकडा कशाचा?

‘ॲडव्हान्स्ड एज’ म्हणजे पस्तिशीच्या पुढे. हा पस्तीस कशाचा? १९५८ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या परिषदेनं ठरवलं, की पहिलं बाळंतपण पस्तिशीत किंवा त्यानंतर असेल तर तिला ‘एल्डरली प्रायमिग्रॅव्हिडा’, म्हणजे वयस्क पहिलटकरीण, म्हणायचं. कागदावर कुठेतरी रेघ ओढावी लागते, ती तिथे ओढली. पस्तिसाव्या वाढदिवसाच्या रात्री अंगात काही तुटत नाही.

तुझा एएमएच, म्हणजे रक्तातल्या त्या संप्रेरकाचा आकडा, ०.९, तो कशाचा? ओव्हरीत बीजांचा साठा साधारण किती उरलाय, त्याचा अंदाज. आयव्हीएफची, म्हणजे बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याची, वेळ आली तर इंजेक्शनांचा डोस किती ठेवायचा, बीजं किती मिळतील, हे त्यावरून ठरवतात. बीज कसं आहे ते तो सांगत नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या ३० ते ४४ वयाच्या सुमारे ७५० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी एएमएच असलेल्यांना दिवस राहायला इतरांपेक्षा जास्त अडचण आली, असं त्यात दिसलं नाही. पण थांब, लगेच हुरळून जाऊ नकोस. हाही आकडा कशाचा ते बघ. आधी वंध्यत्वाचा त्रास नसलेल्या बायकांचा आहे तो. तू आठ महिने वाट पाहिलीयस, त्यामुळे तो तुला जसाच्या तसा लागू होत नाही.

आणि वय म्हणजे काहीच नाही, असं सांगणाऱ्या मैत्रिणींचंही ऐकू नकोस. बीजं आपण जन्माला येतानाच घेऊन येतो आणि ती आपल्याबरोबर जुनी होतात. गुणसूत्रांच्या चुका वाढतात, गर्भ पडण्याचं प्रमाण वाढतं, चाळिशीनंतर तर फारच. आयव्हीएफ केलं म्हणून बीजाचं वय कमी होत नाही. म्हणून तर पस्तिशीनंतर वर्षभर न थांबता सहा महिन्यांतच तपासून घ्या म्हणतात. तू गेलीस ते योग्यच केलंस. त्या लाल रेघेला घाबरून आता घरी बसलीस, तर मात्र मी तुझ्यावर रागावेन.

कारण मी बसले होते. १९९९ साली, छत्तिसाव्या वर्षी. शिकाऊ मुलामुलींना माझ्याकडे बोट दाखवून डॉक्टर म्हणाले, "एल्डरली, प्रायमरी इन्फर्टिलिटी." म्हणजे वयस्क, आणि एकदाही दिवस न राहिलेली. माझ्याशी एक शब्द नाही. घरी येऊन तो कागद मी लग्नातल्या शालूच्या घडीत सारला आणि दोन वर्षं बाहेर काढला नाही. हळदीकुंकवाला जाणं सोडलं. वांझ हा शब्द मला कुणी तोंडावर म्हटला नव्हता, मीच तो स्वतःला लावून घेतला. गणिताची बाई मी, चाळीस पोरांना एककावरून छळणारी, आणि त्या कागदाला एवढंसं विचारलं नाही, की हे कशावरून? विचारलं असतं तर कळलं असतं, त्यात यांची एकही तपासणी नव्हती. सगळं माझंच. यांची तपासणी झाली तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. शुक्रजंतूंची हालचाल कमी निघाली.

मग दोन आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, आणि एक आयव्हीएफ. नाही झालं. "अजून एकदा करायचं होतं," असं लोक मला आजही सुनावतात. मी डॉक्टरांसमोर वही उघडून बसले होते. माझ्या वयाला एका खेपेला शक्यता किती, खर्च किती, डोक्यावर कर्ज किती, सगळं मांडलं आणि थांबले. ते थांबणं बरोबर होतं. तुझी आठवी म्हणजे माझं ते थांबल्यानंतरचं वर्ष. त्या अर्ध्या मार्कासाठी मी एवढी का अडून बसले, ते आता तुला कळेल.

त्या दोन वर्षांचं मात्र काय सांगू? सासूबाईंसमोर मुलाच्या तपासणीचं नाव काढणं सोपं नव्हतं. दहावीच्या तुकड्या माझ्याकडे होत्या. हे सगळं खरं आहे, आणि तरीही कागद शालूत मीच ठेवला होता.

म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर अंगठा काढ. माझ्या बीजवाहक नळ्या मोकळ्या आहेत का, आम्हा दोघांचं सगळं धरून शक्यता किती, या आकड्यामुळे तुम्ही नक्की कोणता निर्णय बदलणार, हे विचार. उत्तर लिहून घे. तुटकपणे बोलले तर पुन्हा विचार. तेही जमलं नाही तर दुसरा डॉक्टर बघ, पण कुठल्याही शब्दाचं एकक विचारल्याशिवाय तो घरी आणू नकोस.

आणि तुझी फाइल मी शेवटच्या पानापर्यंत चाळली. सोनोग्राफी तुझी, रक्त तुझं, थायरॉइड तुझा. वीर्यतपासणी सगळ्यात सोपी, सुई नाही की भूल नाही, आणि तीच नाही! शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात. मध्ये ताप येऊन गेला असेल तर रिपोर्ट खराब येऊ शकतो आणि पुन्हा करावा लागतो, म्हणजे तो वेळ वेगळा धर.

गुरुवारी माझ्याकडे शिकवणीची मुलं नसतात. संध्याकाळी ये, आणि येताना त्यालाही घेऊन ये. तो लाजेल. लाजू दे. मी बोलते त्याच्याशी.

तुझी,
बाई