वाचकांचे प्रश्न : पवनचक्क्यांची जागा आणि शिकारी पक्षी

सड्यांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवरच्या, पवनचक्क्यांबद्दल या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतले पाच प्रश्न घेतले आहेत.

आमच्या सड्यावरच्या जुन्या पवनचक्क्या काढून मोठ्या बसवणार आहेत. मोठी पाती सावकाश फिरतात, त्यामुळे पक्ष्यांना ती दिसतात आणि ते चुकवतात, असे आम्हाला सांगितले जाते. हे खरे आहे का? (वाचक, पाटण तालुका)

लांबून पाहणाऱ्याला ती सावकाश फिरताना दिसतात. १४० मीटर व्यासाचा रोटर, म्हणजे पात्यांचे चक्र, मिनिटाला १२ फेऱ्या घेत असेल, तर पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ८८ मीटर, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. इतक्या वेगाचे टोक जवळून नुसते धूसर दिसते. त्यातून शिकारी पक्षी उडताना समोर कमी आणि खाली जास्त पाहतो, कारण त्याचे भक्ष्य जमिनीवर असते. गिधाडाने मान खाली घातली की त्याला पुढचे जवळजवळ काहीच दिसत नाही. तेव्हा तीक्ष्ण नजरेचा पक्षी आपोआप वाचेल, असे गृहीत धरू नका.

खरा प्रश्न जागेचा आहे. वारा कड्यावर आदळून वर चढतो. सर्पगरुड, गिधाडे, घारी त्याच वाऱ्यावर पंख न हलवता तासन्‌तास तरंगतात, आणि पवनचक्कीलाही नेमका तोच वारा हवा असतो. त्यामुळे कड्याची धार, दोन टेकड्यांमधली खिंड आणि घळीचे तोंड या जागा सर्वांत घातक ठरतात. कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट पास इथे १९८०च्या दशकात हजारो छोट्या पवनचक्क्या दाटीवाटीने उभ्या केल्या गेल्या. तिथे वर्षानुवर्षे सोनेरी गरुड मरत राहिले. पुढे जुन्या काढून मोजक्याच मोठ्या बसवताना कोणती जागा सोडायची, हाच तिथल्या अभ्यासकांचा मुख्य विषय झाला.

तुमच्याकडेही हीच संधी आहे. एक नवी पवनचक्की अनेक जुन्यांची जागा घेते, म्हणजे काही जागा रिकाम्या होणारच. त्या खिंडीतल्या आणि कड्यालगतच्या असाव्यात, अशी मागणी लेखी करा. उंचीचाही हिशेब मांडा. ५० मीटरच्या मनोऱ्यावरचा ४० मीटर व्यासाचा जुना रोटर जमिनीपासून ३० ते ७० मीटरचा पट्टा कापतो. १२० मीटरच्या मनोऱ्यावरचा १४० मीटरचा रोटर ५० ते १९० मीटर कापतो. कापशी (छोटी घार) आणि भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी बहुधा या पट्ट्याच्या खालून शिकार करतात, त्यांना कदाचित थोडा दिलासा मिळेल. घिरट्या घालणारे मोठे पक्षी मात्र याच पट्ट्यात असतात.

आमच्या भागात मेलेले पक्षी फारसे सापडत नाहीत. मग नुकसान होत नाही असे म्हणावे का? (वाचक, सातारा)

नाही. पक्षी धडकून मरतात, तसे जागा सोडूनही जातात. चाळकेवाडीच्या पठारावर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागापेक्षा त्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. त्यांचे भक्ष्य असलेले, गळ्याला रंगीत पंखा असणारे सरडे मात्र तिथे दाट झाले होते. हे सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देत होते, पण अंगाने रोड होते आणि त्यांच्या गळ्याचे रंगही फिके पडले होते. वरचा शिकारी उठला की खालची सगळी घडी बदलते, हे आपल्याच सड्यावर मोजून दिसले आहे.

आता मेलेल्या पक्ष्यांच्या मोजणीबद्दल. कुत्री आणि कोल्हे रातोरात मृत पक्षी उचलतात, आणि पावसाळ्यात गवत कमरेएवढे वाढते. म्हणून आधी चाचणी घ्या. तपकिरी पिसांच्या २० मेलेल्या कोंबड्या पवनचक्क्यांखाली विखरून ठेवा, आणि शोधणाऱ्याला जागा सांगू नका. समजा, सात दिवसांनी १० उरल्या आणि त्यातल्या त्याला ६ सापडल्या. म्हणजे शोध ३० टक्केच लागतो, आणि सापडलेला एक पक्षी सुमारे तीन मृत्यूंचा निदर्शक ठरतो. ही दुरुस्ती न करता अहवालात "शून्य मृत्यू" लिहिले असेल, तर तो आकडा स्वीकारू नका.

प्रकल्प येण्याआधी आम्ही गावातली मुले काय नोंदी करू शकतो? (वाचक, शिराळा)

पुष्कळ, आणि याच नोंदी पुढे कामी येतात. अशा पाहणीसाठी स्कॉटलंडमधली पद्धत जगभर वापरली जाते. तिचा गाभा साधा आहे : ठरलेल्या बिंदूवर बसायचे, समोरचा १८० अंशांचा आणि २ किलोमीटरपर्यंतचा भाग पाहायचा, एका बैठकीत तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक हंगामात प्रत्येक बिंदूवर किमान ३६ तास.

बिंदू धारेच्या माथ्यावर नको. तिथे तुम्हीच पक्ष्यांना हुसकावता, आणि उताराच्या खालच्या अंगाने उडणारे पक्षी नजरेतून सुटतात. समोरच्या उतारावर, आकाशरेषेच्या खाली बसा. दोघे हवेत : एकाने दुर्बीण सोडायची नाही, दुसऱ्याने लिहायचे.

तक्त्यात तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, ढग, पक्ष्याची जात, प्रौढ की पिल्लू, आणि दर १५ सेकंदांनी त्याची उंची लिहा. उंचीचे तीनच पट्टे ठेवा : रोटरच्या खाली, रोटरच्या पट्ट्यात आणि रोटरच्या वर. अंदाजाला ओळखीच्या उंचीचा मोबाइल टॉवर किंवा जुनी पवनचक्की धरा. उडण्याची वाट नकाशावर पेन्सिलने काढा.

इथे हमखास एक चूक होते. लोक पक्षी मोजतात, मिनिटे मोजत नाहीत. एकच सर्पगरुड तासभर खिंडीवर घिरट्या घालतो, तेव्हा तक्त्यात आकडा "एक"च येतो, पण धोका मोठा असतो. समजा, ३६ तासांत, म्हणजे २१६० मिनिटांत, तो ५४ मिनिटे रोटरच्या पट्ट्यात होता. म्हणजे पाहणीच्या अडीच टक्के वेळ. दुसऱ्या बिंदूवर हाच आकडा पाव टक्का आला, तर पवनचक्की कुठे हलवायची याचे उत्तर हातात आले.

दुसरी चूक म्हणजे फक्त सकाळी जाणे. जमीन तापल्याशिवाय मोठे पक्षी वर चढत नाहीत. साडेनऊ ते साडेचार हा वेळ सोडू नका. एका हंगामावरही भागत नाही. भोवत्ये हिवाळी पाहुणे आहेत, तर कड्यांवरची गिधाडे हिवाळ्यात घरटी धरून उन्हाळ्यापर्यंत पिल्ले वाढवतात. घरट्याची जागा नोंदवा, पण कुठेही जाहीर करू नका आणि जवळ जाऊ नका. जर्मनीच्या २०२२च्या कायद्यात सोनेरी गरुडाच्या घरट्याभोवती १००० मीटरचा निकट पट्टा आणि ३००० मीटरपर्यंत सविस्तर तपासणीचा पट्टा आखला आहे. आपल्या मागणीला आधार म्हणून हे अंतर दाखवता येते.

पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीत आक्षेप घ्यावा का? (वाचक, ढालगाव)

बहुधा अशी सुनावणी होणारच नाही. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत, आणि आमच्या मते ही मोठी उणीव आहे. जमीन वनखात्याची असेल तर वन संवर्धन कायद्याखालील परवानगी लागते. तिथे उपवनसंरक्षकांकडे नकाशासह नोंदी द्या. अभयारण्य किंवा त्याचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जवळ असेल तर त्याच्या अटी तपासा. खासगी जमिनीवर ग्रामसभेचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांकडचे निवेदन हाच मार्ग उरतो. ठरावात "आमचा विरोध आहे" एवढेच लिहू नका; कोणत्या क्रमांकाची पवनचक्की कुठे हलवावी, ते लिहा.

पवनचक्क्या उभ्याच आहेत. आता काही करता येते का? (वाचक, जत)

येते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पक्षी येताच ती एक पवनचक्की थांबवणे. स्पेनमध्ये तारिफाजवळ निरीक्षक पक्षी पाहून तसे कळवू लागले, तेव्हा गिधाडांचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले आणि विजेची घट होती ०.०७ टक्के. आपल्याकडे तर बहुतांश पवनवीज पावसाळ्यात तयार होते. हिवाळ्यातल्या दुपारी, भोवत्ये आणि गरुड वर असताना, दोन-चार घातक पवनचक्क्या थांबवल्या तर तोटा नगण्य.

नॉर्वेत स्मोला बेटावर तीनपैकी एक पाते काळे रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू ७० टक्क्यांहून अधिक घटले. पण रंगवलेल्या पवनचक्क्या चारच होत्या, म्हणून निव्वळ रंगावर विसंबू नका.

वीजवाहिन्या विसरू नका. प्रकल्पाच्या ३३ केव्ही खांबावर गरुड बसतो, पंख उघडतो आणि तार व खांबाचा लोखंडी आडवा दांडा या दोन्हींना एकदम शिवतो. पिन इन्सुलेटरऐवजी खाली लटकणारे इन्सुलेटर, जंपरवर (खांबावरच्या जोडतारेवर) इन्सुलेशनचे आवरण आणि मोठ्या पक्ष्यांसाठी तारांमध्ये किमान दीड मीटर आडवे अंतर, एवढे तरी मागा.

मेलेला पक्षी दिसला तर उचलू नका. संरक्षित पक्ष्याचे पीसही जवळ ठेवल्यास गुन्हा होऊ शकतो. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, पवनचक्कीचा क्रमांक, मनोऱ्यापासूनचे अंतर आणि जखम नोंदवा, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. पुढच्या अर्जाला तीच जोडायची असते.