तुझी पट्टी काळी तीन

अगं, काल भजनानंतर तू म्हणालीस, ‘काकू, माझा आवाज फार जाड आहे, मी आपली टाळच वाजवते.’ तसं करू नकोस. देवाने दिलेला भरदार आवाज तू काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून, उंच सुरात कोंबतेस, म्हणून तो वर फाटतो. तू त्याखालची काळी तीन घेऊन बघ, नाहीच जमलं तर आणखी खालची पांढरी तीन. पेटीवर बसणाऱ्या काकांना मी सांगते.

आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ ऐक. मंद्रातलं, म्हणजे खालच्या सप्तकातलं सारं वैभव त्यांनी अतिविलंबित, अगदी संथ लयीत उलगडलं. आणि देवासचे कुमार गंधर्व! १९४८ च्या सुमारास क्षयामुळे हवापालटासाठी ते माळव्यात आले. एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणंच बंद होतं. त्या दिवसांत कानावर पडणारी इथली लोकगीतं त्यांनी मनात साठवली आणि पुढे छोट्या, लखलखीत स्वरवाक्यांतून स्वतःचं गाणं उभं केलं. मला हे फार मोठं वाटतं. जेवढा श्वास हाती होता, तेवढ्यातच त्यांनी सगळं शोधलं.

तू पहाटे तानपुऱ्याचं ॲप लावून पंधरा-वीस मिनिटं खर्ज भर, म्हणजे खालचे सूर लांबवून घोट. ‘सा’पासून सावकाश खाली उतर, घसा दुखला की थांब. रेकॉर्डवरच्या गायिकांची नक्कल तर आजपासून बंद. स्वतःचं गाणं मोबाइलवर भरून ऐक. सुरुवातीला नको वाटेल, तरी ऐक.

येत्या एकादशीला संथ चालीचा एक अभंग तू म्हणायचास. मागे आम्ही सगळ्या धरू. कोणता घेणार, ते गुरुवारपर्यंत मला कळव.