माझा आणि मित्राचा सायकलचा वेग जुळत नाही. तरी आठवडाभर कोकण किनाऱ्याने निवांत फिरता येईल का?

येईल की! वेग जुळवायच्या भानगडीत मात्र पडू नका. माझा दोस्त एकदा सुटला की सुटलाच, मी आपला मागून रमतगमत. हायवेला यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली असती. किनाऱ्याच्या रस्त्यावर होत नाहीत, कारण पुढे पळालेल्याला खाडी अडवते. जेट्टीची बोट लागेपर्यंत तो तिथेच सापडतो, दुसरा चहा पीत.

म्हणून मुक्काम गावांवरून नाही, जेट्ट्यांवरून ठरवा. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर रो-रो, म्हणजे गाड्यांसकट नेणारी बोट धरायची, सायकलीसकट मांडव्याला उतरायचं. अलिबाग, काशीद, मुरूड करत आगरदांडा, तिथून बोटीने दिघी. बागमांडल्याहून वेश्वीला जाताना सावित्री नदीची खाडी ओलांडायची, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी आणि तवसाळहून जयगडला शास्त्री. पुढे गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. सगळं मिळून साधारण 300 किलोमीटर, म्हणजे आठवड्यात आरामात. यात सगळ्यात आवडता तुकडा विचाराल तर दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडीवरून. समुद्र इतका जवळ की सायकल चालवायची आठवणच राहत नाही.

जेट्टीवर सायकलवाल्यांची चंगळ असते. गाड्यांची रांग वरच्या वळणापर्यंत गेलेली असली तरी आपण कडेकडेने थेट पाण्यापर्यंत. बोट टेकते, पुढची लोखंडी फळी खडखडत खाली येते, गाड्या आत घेताना खलाशी ‘येऊ दे, येऊ दे, बस!’ ओरडत असतात आणि आपल्या सायकली तोवर कठड्याला टेकून मोकळ्या. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. गावकऱ्यांची सोय होईल, मला मात्र आतापासूनच वाईट वाटतंय.

आता खरी मेख. ‘किनारा म्हणजे सपाट’ असं मित्राला सांगून नेऊ नका, मैत्री तुटेल. प्रत्येक खाडीपाशी रस्ता पाण्याच्या पातळीला येतो आणि पलीकडे लगेच जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर चढतो. तवसाळला उतरताना जे कमावलं ते जयगडच्या चढाला व्याजासकट परत. अशा चढांना आम्ही सरळ उतरून ढकलतो. दिवसभरातल्या खऱ्या गप्पा तेव्हाच होतात, कारण तेवढाच वेळ आम्ही बरोबर असतो. अशाच एका चढावर एका आजोबांनी विचारलं होतं, ‘गाडी नाय परवडत काय?’ दोस्ताने तिथेच बसकण मारून त्यांना सायकलीची किंमत सांगितली. आजोबा बराच वेळ माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. उजाडताच निघा, अकराच्या आत बरंचसं अंतर उरका. दुपारनंतरचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला जाणं सोयीचं. वाटेतल्या हर्णै बंदरात लिलावाच्या वेळी पोहोचलात तर मासळी बघण्यात तासभर जाईल, तो धरूनच चाला. घरगुती खानावळीत ‘जेवायला दोघं आहोत’ असा फोन सकाळीच करून ठेवा. आयत्या वेळी गेलात तर पोहे मिळतील, उकडीचे मोदक विसरा.

दोघांत एक पंप चालेल, पण ट्यूब दोन घ्या आणि त्या पुढे पळणाऱ्याकडे अजिबात देऊ नका. पंक्चर मागच्याची होते आणि पुढच्याच्या फोनला रेंज नसते.

परतायला रत्नागिरीहून रेल्वे. सायकल लगेजमध्ये बुक करावी लागते, तेव्हा स्टेशनवर गाडीच्या बरंच आधी पोहोचा. हँडल सैल करून आडवं फिरवलंत आणि पेडल काढून पिशवीत टाकलीत तर चढवणारा हमालही कमी कुरकुरतो.