ही नियती लिहिली कोणी?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कादंबरीचा खर्डा दोनदा वाचला. जन्मतःच प्रत्येकाचे काम आणि मृत्यूची तारीख नोंदवून ठेवणारे ते शहर तू फार मन लावून उभे केले आहेस. पण शेवटी तुझी नायिका “सगळे आधीच ठरलेले होते” असे म्हणते आणि तिथेच तू लेखणी खाली ठेवतोस. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे, कारण ते तुला फार स्वस्तात मिळाले आहे असे मला वाटते.

ग्रीक शोकांतिकेतल्या ईडिपस राजाचे भविष्य देवाच्या मुखातून आलेले असते आणि ते टाळण्यासाठी उचललेले पाऊलच त्याला त्या भविष्याकडे घेऊन जाते. तिथे दाद मागायला जागा नसते. डिस्टोपियन कथेत, म्हणजे माणसाला जखडून टाकणाऱ्या भयावह काल्पनिक समाजाच्या कथेत, देवाच्या त्या आसनावर एखादे खाते, प्रयोगशाळा किंवा यंत्र येऊन बसलेले असते. हक्स्लीच्या १९३२ मधील ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीत गर्भ बाटलीत असतानाच त्याचा प्राणवायू कमी करून खालच्या वर्गाची माणसे घडवली जातात. त्या माणसांना हे प्राक्तन वाटते, पण वाचकाला ते करणारे हात दिसतात. तुझ्या खर्ड्यात तेच हात मला कुठे सापडले नाहीत.

फिलिप के. डिक यांची १९५६ ची ‘द मायनॉरिटी रिपोर्ट’ ही कथा अवश्य वाच. २००२ चा चित्रपट पाहिला असशील तरीही वाच, कारण कथेचा शेवट वेगळा आहे. तीन भविष्यवेत्ते गुन्हा घडण्यापूर्वीच तो सांगतात आणि पोलीस त्या माणसाला आधीच पकडतात. या व्यवस्थेचा प्रमुख अँडरटन एके दिवशी खुनी म्हणून स्वतःचेच नाव वाचतो. पहिल्या भाकितानुसार तो खून करणार असतो. ते भाकीत त्याने वाचले आहे हे दुसरे भाकीत जमेस धरते आणि तो मन बदलेल असे सांगते. तिसरे या दुसऱ्यालाही जमेस धरून पुन्हा खुनावर येते. वरवर दोघांचे एकमत दिसते, पण प्रत्यक्षात ती तीन वेगवेगळी भविष्ये असतात. अखेर अँडरटन ती व्यवस्था वाचवण्यासाठी, पूर्ण विचार करून, खून करतो. भाकीत खरे ठरले म्हणून त्याने निवड केलीच नाही असे मी म्हणणार नाही. उलट, मिळालेले स्वातंत्र्य त्याने इतरांना कोंडणाऱ्या यंत्रासाठी खर्चावे, हेच मला त्या कथेतले सर्वांत भयंकर वाटते. आणखी एक गोष्ट नीट पाहा. अँडरटनला मन बदलता आले, कारण तो अधिकारी होता आणि स्वतःचे भाकीत वाचू शकत होता. बाकीच्या कैद्यांना ती संधी कधीच मिळाली नाही. तुझ्या शहरात ती नोंदवही वाचण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे?

इच्छास्वातंत्र्य जिंकण्याहरण्यावर मोजू नकोस, एवढेही सांगतो. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीचा नायक विन्स्टन याच्यावर सात वर्षे पाळत होती हे शेवटाकडे कळते, आणि तरीही रोजनिशीत पहिला शब्द लिहिताना त्याने जे धाडस केले ते खोटे ठरत नाही. याउलट इशिगुरो यांच्या २००५ मधील ‘नेव्हर लेट मी गो’ या कादंबरीत, अवयव काढून घेण्यासाठीच वाढवलेली ती तरुण माणसे मोकळी हिंडतात, गाडी चालवतात, पण पळून जात नाहीत. कॅथी आणि टॉमी मोठ्या आशेने जे मागायला जातात ती सुटका नसते, फक्त काही वर्षांची मुदत असते. याहून करुण विनंती या प्रकारच्या साहित्यात मी वाचलेली नाही. ज्यांनी त्यांना वाढवले, त्यांनी त्यांच्या इच्छेची उंचीच आखून दिलेली होती, आणि कुंपणापेक्षा ते काम कितीतरी पक्के होते. तुझ्या नायिकेला “ठरलेले होते” असे म्हणायला कोणी, कोणत्या वयात शिकवले, हे तुला ठाऊक असायला हवे. कादंबरीत आले नाही तरी चालेल.

शेवट तसाच ठेवायचा असेल तर ठेव, मी बदलण्याचा आग्रह धरणार नाही. मात्र ज्या कारकुनाने तिच्या मृत्यूची तारीख नोंदवहीत लिहिली, त्याच्या त्या दिवसाचे एक प्रकरण लिही आणि आधी ते मला पाठव.

तुझा शुभचिंतक